बोडका नारळ

"नारळ तुमीच द्यायचा, दादा," धनाजी कोगेकर माझ्या लेथसमोर उभा राहून म्हणाला. "पेठेची इच्छा हाय."

पेठेची इच्छा म्हणजे धनाजीची इच्छा. तो तोफखाना तालमीचा अध्यक्ष होता आणि महापालिकेला उभा राहणार होता. अशा माणसांना निवडणुकीआधी सहा महिने पेठेची इच्छा आपोआप कळायला लागते.

मी मशीन बंद केलं नाही. "कुणाला द्यायचा?"

"सरनोबतसाहेबांना. भारताचे कोच हायेत म्हटलं. रविवारी सत्कार ठेवलाय."

"रंग्याला?"

"साहेब म्हणा हो आता."

"साहेब तुझा. आणि त्येला मी एकदा नारळ दिलाय. तेवढा बास हाय."

धनाजी हसला. तो तेव्हा चड्डीत फिरत असेल, पण ती गोष्ट पेठेत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. बाहेरच्या माणसाला मात्र सांगावी लागते. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि त्या संघापायी पेठेतली माणसं सख्ख्या मेव्हण्याशी दोन-दोन वर्षं बोलत नाहीत. आमच्या तोफखाना तालमीत एक रीत होती. जो खेळाडू पेठ सोडून दुसऱ्या संघाकडे जाई, त्याला कॅप्टनने तालमीच्या दारात नारळ द्यायचा. सत्काराच्या नारळाला शेंडी असते आणि ती पाहुण्याकडे करून द्यायची असते. ह्या नारळाची शेंडी उपटून काढलेली असायची. बोडका नारळ हातात पडला की माणसाने काय ते समजायचं आणि चालू लागायचं. मग तालमीतल्या खेळाडूंच्या पाटीवरचं त्याचं नाव खरवडून काढायचे. इतर लोक कुणाला कामावरून काढलं की 'नारळ दिला' असं नुसतं म्हणतात. आम्ही खरोखर देत होतो.

रंगराव सरनोबतला तो मी दिला होता. ह्या सत्काराच्या एकवीस वर्षं आधी मी तोफखान्याचा कॅप्टन आणि गोली, म्हणजे गोलरक्षक, होतो, रंग्या उजव्या बाजूने पळायचा. त्या वर्षीची फायनल बघायला मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा सेक्रेटरी आला होता. आठ दिवसांनी आम्हा दोघांना पोस्टकार्डं आली, परळच्या मैदानावर चाचणीला या, म्हणून. मी माझं पोस्टकार्ड तालमीच्या दारात, पन्नास माणसांसमोर फाडलं. रंग्याने त्याचं घडी करून खिशात ठेवलं. तिथून पुढे मी हिंदूराव इंगवले, पेठेचा वाघ, आणि तो रंग्या, पेठ विकणारा.

"दादा," धनाजीने आवाज उतरवला, "संग्रामचं त्येच्याच हातात हाय."

माझा मुलगा संग्राम. माझ्यासारखाच गोली, माझ्याहून चार बोटं उंच. तो बंगलोरला भारताच्या सराव शिबिरात होता. शिबिरात तीन गोली होते, स्पर्धेसाठी घ्यायचे होते दोन. यादी मंगळवारी लागायची होती. त्या यादीत माझ्या पोराचं नाव यावं म्हणून मी काय दिलं असतं ते सांगायची मला लाज वाटते, आणि ते रंग्याकडे मागायची त्याहून जास्त वाटत होती.

"मी कुणाची चाटत न्हाई," मी म्हणालो.

"चाटू नका. नारळ द्या फक्त."

रंग्याची सगळी कारकीर्द मला पाठ होती. गिरणीच्या संघातून तो महाराष्ट्राकडून खेळला, मग भारताकडून. एकोणीस सामने, दोन गोल. त्यातला एक गोल चेंडू त्याच्या पाठीला लागून गेला होता, त्याला स्वतःलासुद्धा तो इतरांनी मिठ्या मारल्यावर कळला असेल. मग गुडघा गेला, मग हंगेरीला जाऊन तो कसलासा कोर्स करून आला आणि उंटावरच्या शहाण्यासारखा लोकांना कसं पळायचं ते सांगायला लागला. राष्ट्रीय कोच झाला तोसुद्धा आधी तिघांनी नको म्हटल्यावर. चौदा सामन्यांत अकरा हरले. ही सगळी कात्रणं मी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. फक्त हरल्याची. जिंकल्याची मी कापत नसे.

"त्या माणसासाठी तुमी जेवढी कात्री चालवलासा," माझी बायको शालन म्हणायची, "तेवढ्यात माझी चार पोलकी शिवून झाली असती."

शनिवारी दुपारी तो स्वतःच घरी आला. बोलावलं नव्हतं. निळा ट्रॅकसूट, पाठीवर इंडिया लिहिलेलं, गळ्यात शिटी. माणूस जुन्या मित्राकडे चहाला येतो तेव्हा गळ्यात शिटी कशाला लागते? मला तर वाटलं, आता ही वाजवून आम्हाला रांगेत उभं करणार.

"हिंद्या, गुडघं कसं हाईत?" त्याने विचारलं.

"माझं मला चालवत्यात. तुझं कसं हाईत?"

"एक हाय. दुसरा नुसता सोबतीला हाय."

शालन हसली. मला तिचा राग आला. तिने त्याला कांदेपोहे दिले, वर खोबरं जरा जास्तच भुरभुरलं. मी तिला बजावून ठेवलं होतं की संग्रामच्या निवडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, पदर पसरायचा नाही. तिने तो नियम आपल्या परीने पाळला.

"पोरगं जेवतंय न्हवं नीट, भाऊजी?"

"जेवतंय की, वहिनी. भात जरा कमी कर म्हणून सांगितलंय."

एवढंच. मी वाट बघितली. तो पोह्यातले दाणे निवडून शेवटी खायला बाजूला ठेवत होता, लहानपणापासून तसाच. जो माणूस माझ्या पोराचं नशीब खिशात घेऊन फिरतोय तो माझ्याच घरात बसून शेंगदाणे निवडतोय, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका शब्दाने विचारायचं होतं. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ह्या खेपेला किती गोल खाऊन येणार?"

"चार-पाच तरी खाऊच," तो शांतपणे म्हणाला. "समोरचे चांगले हायेत."

लढायच्या आधीच हरलेला माणूस. अशा माणसाला देशाने कोच केलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने दाणे खाल्ले, हात धुतला आणि चपला घालता घालता म्हणाला, "परळच्या त्या मैदानाला आता भिंत घातलीया, हिंद्या. आत मोटारी लावत्यात."

"कुठलं मैदान, भाऊजी?" शालनने विचारलं.

"माझी चाचणी झाली ते, वहिनी. फाटकातच एक उंबर हुता. त्यो मातुर ठेवलाय त्यांनी."

त्याने उंबराचं का काढलं ते मला कळलं. शालनला कळलं नाही. त्या उंबराशी माझा काय संबंध ते पुढे येईलच, पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं की हा मला धमकी देऊन चाललाय.

रविवारी सकाळपर्यंत माझं पक्कं झालं होतं. संग्रामला यादीतून उडवलेलं असणार. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या नारळाचा हिशेब हा माणूस आता चुकता करणार, आणि वर तोंडदेखला चहा पिऊन गेला. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. म्हणून तोही तेच करणार, ह्यात मला शंका वाटली नाही.

संध्याकाळी तालमीच्या पटांगणात मांडव होता. हलगी कडाडत होती. स्टेजवरच्या कापडी फलकावर रंगाऱ्याने 'राष्ट्रीय परीक्षक मा. रंगराव सरनोबत यांचा भव्य सत्कार' असं लिहिलं होतं. प्रशिक्षकाचा परीक्षक झालेला कुणाच्या लक्षातही आला नव्हता. ज्यांनी त्याच्या नावाने एकवीस वर्षं थुंकून घेतलं, ते सगळे इस्त्रीच्या कपड्यांत पुढच्या रांगेत बसले होते. सगळ्यांना त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. कुणाला भाच्यासाठी शिबिर, कुणाला स्टेडियमच्या कामात शब्द, धनाजीला त्याच्याबरोबरचा फोटो. पाटीसुद्धा धुऊन स्टेजशेजारी आणून उभी केली होती. आमच्या वेळच्या अकरा नावांत सातवी ओळ खरवडलेली, कोरी. सत्कारानंतर तिथे त्याचं नाव पुन्हा लिहायचं ठरलं होतं. रंगारी डबा उघडून बसलाच होता.

मला स्टेजवर रंग्याच्या शेजारची खुर्ची होती. मांडीवर ताट, ताटात शाल आणि नारळ. नारळ शालनने स्वतः बाजारातून निवडून आणला होता, चांगली वीतभर शेंडी असलेला. देताना ताट माझ्या हातात ठेवून ती म्हणाली होती, "शेंडी भाऊजींकडं करून द्या. पोराचा इचार करा."

धनाजीचं भाषण सुरू झालं. आपला भूमिपुत्र, पेठेचं रत्न, मातीचा सुगंध. रंग्या खाली मान घालून ऐकत होता, आणि मला वाटलं तो मनात हसतोय. शालीखाली माझी बोटं नारळाला लागली. पहिला झुबका मी उपटला तो नुसता रागाने. दुसरा उपटला तेव्हा काय करतोय ते मला नीट कळत होतं. शालनचा चेहरा डोळ्यांपुढे आला, संग्राम आला, तरी बोटं थांबली नाहीत. 'पोर तर गेलंच, निदान ह्याचं नाक तरी कापू,' असं मी मनाशी म्हणालो. धनाजीचं भाषण चांगलंच लांबलं. तो खाली बसेपर्यंत नारळ गुळगुळीत झाला होता आणि माझ्या पायाशी कोंबडी सोलावी तसा काथ्या पडला होता.

माझं नाव पुकारलं. मी उठलो, त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ पुढे केला.

पहिल्या रांगेला तो आधी दिसला. मग मागे मागे कुजबुज गेली आणि हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. धनाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकांच्या बाजूला शालन उभी राहिली होती. मी तिच्याकडे एकदाच बघितलं, परत बघायची हिंमत झाली नाही.

रंग्याने नारळाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माईकपाशी गेला.

"ह्याच दारात, ह्याच हातानं मला असाच एक नारळ मिळाला हुता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्यो मी फेकला न्हाई. मुंबईत दोन दिवस त्याच्यावर काढलं. खोबरं गोड हुतं."

कुणीतरी हसलं.

"मला नारळ देणाऱ्या माणसानं त्याच्या आधी एक पोस्टकार्ड फाडलंय. तुमच्यातल्या जुन्या माणसांनी बघितलंय. मुंबई त्येला बोलवत हुती, त्यो पेठेसाठी गेला न्हाई. मी गेलो. तवा मला बोडका नारळ द्यायचा अधिकार कुणाला असंल तर ह्या एका माणसाला हाय. दुसऱ्या कुणी दिला असता तर मी घेतला नसता."

मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. मी खाली बघत होतो. लोकांना वाटलं मी विनयाने बघतोय.

"आणि दुसरं," रंग्या म्हणाला. "यादी मी परवाच दिल्लीला धाडलीया. मंगळवारी लागंल, पण आता लपवून काय करायचं. पहिला गोली संग्राम हिंदूराव इंगवले."

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हलगी सुरू झाली. गुलाल उधळला तो रंग्यावर नाही, माझ्यावर. मला खांद्यावर घेतलं. वाघ रं वाघ, कोचला बोडका नारळ दिला आणि पोराला भारताच्या संघात घातलं, असं पोरं ओरडत होती. धनाजीने तर माझ्या पायालाच हात लावला. शालन रडत होती. तिला वाटलं देवाने माझी अक्कल माफ केली.

गर्दी पांगल्यावर तालमीच्या आत, आखाड्याच्या कडेला मी त्याला गाठलं. त्याने नारळ काखेत धरला होता.

"काल सांगायला तोंड न्हवतं तुला?" मी विचारलं.

"तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"उपकार केलास व्हय माझ्यावर?"

"न्हाई. पोरगं चांगलं हाय. तुझ्यापेक्षा चांगलं हाय, त्येला गोल सोडून पुढं यायला भ्या वाटत न्हाई."

तो जायला वळला, मग थांबला. "हिंद्या, त्या दिवशी तीनदा पुकारलं. इंगवले हिंदूराव, इंगवले हिंदूराव. तुज्या खालीच माजं नाव हुतं. तू उंबराखाली उभा हुतास, पांढरी पिशवी घेऊन. मी तुला फाटकातनं भायर जाताना बघितलं. साहेब मला म्हणाला, तुमच्या गावचे आहेत ना, कुठे आहेत? मी म्हणालो, ते आलेच न्हाईत. ते येणार न्हाईत, त्यांनी पत्र फाडलंय."

आता सांगतो. पोस्टकार्ड फाडलं ते खरं. पण फाडायच्या आधी मी पत्ता आणि तारीख पाठ केली होती. कराडला मावशीच्या बाराव्याला जातो म्हणून घरी सांगून मी मुंबईला गेलो. फाटकाच्या आत बघितलं तर गोलमध्ये एक गोव्याचा पोरगा सराव करत होता. हातात कातडी मोजे, चेंडू असा अलगद उचलत होता की जणू त्याला कुणीतरी हातात आणून देतंय. मी हातमोजे कधी बघितलेसुद्धा नव्हते. माझं नाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हा पाय उचलला नाही, दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा पिशवी काखेत मारली, आणि तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी रस्त्यावर होतो. दोन दिवसांनी रंग्या निरोप घ्यायला तालमीत आला. मी त्याच्या हातात बोडका नारळ ठेवला आणि पेठ विकली म्हणून त्याच्या पायाशी थुंकलो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ते एकवीस वर्षं पडलेलं होतं, आणि त्याच उजेडात मी रंग्याचा चेहरा बघत आलो होतो. त्या नारळाची शेंडी मी काढली, पण अख्ख्या पेठेला शेंडी लावली होती तीही मीच.

"मग आज सांगायचंस की सगळ्यांस्नी," मी म्हणालो.

"कशाला?" त्याने नारळ ह्या काखेतून त्या काखेत घेतला. "त्यांना वाघ लागतोय. ऱ्हाऊ दे."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. त्याने मला माझं खोटं परत दिलं, पुसून, घडी करून, कपाटात ठेवायच्या कापडासारखं. इतकं कुणी मला कधी हिणवलेलं नाही, आणि त्याने तर हिणवलंही नव्हतं.

संग्राम संघाबरोबर स्पर्धेला गेला. पाच सामने खेळला आणि चार गोल खाल्ले, म्हणजे रंग्याने सांगितलं होतं साधारण तेवढेच. परत आला तेव्हा त्याच्या पाठीवरही इंडिया लिहिलेलं होतं. संघ पहिल्या साखळी फेरीतच बाहेर पडला आणि महिन्याभरात दिल्लीने रंग्याला काढलं. कोल्हापूरच्या पेपरात मथळा होता, 'सरनोबत यांना नारळ'. तालमीत पेढे वाटले नाहीत एवढंच. दिल्लीला जे कळायला महिना लागला ते आमच्या हिंदूरावला आधीच कळलं होतं, असं लोक म्हणायला लागले. मी ऐकून घेतलं.

पाटीवरची सातवी ओळ कोरीच राहिली. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी धनाजीने रंगाऱ्याला परत पाठवलं. कॅप्टनने बोडका नारळ दिला म्हणजे तालमीचा निर्णय झाला, आता नाव कसं लिहायचं, असं तो म्हणाला, आणि नियमाने बघितलं तर ते बरोबरच होतं. माझ्या नावापुढे मात्र त्याने एक ओळ वाढवून घेतली, 'पेठेसाठी मुंबईचे पत्र फाडणारे'. तो निवडून आला.

रंगराव पुढे डोंबिवलीला एका शाळेत पोरांना खेळ शिकवत होता. कोल्हापूरला तो परत आला नाही. पाच वर्षांपूर्वी तिकडेच वारला. बिस्किटाच्या डब्यातली कात्रणं शालनने मला न विचारता बंबात घातली, तेही मी बघत राहिलो.

दर दसऱ्याला पाटी उतरवून नव्याने रंगवतात. रंगारी आता दुसरा आहे, तरणा, त्याला जुनं काही ठाऊक नाही. तालमीतला सगळ्यात जुना माणूस म्हणून तो मलाच विचारतो. परवाही त्याने सातव्या ओळीवर ब्रश धरला आणि विचारलं, "आबा, हितं कुणाचं नाव ऱ्हायलंय का?"

मी चष्मा पुसला, पाटीकडे बघितलं.

"न्हाई," मी म्हणालो. "हाय तसंच ऱ्हाऊ दे."